तळटीप : कर्णबधिरांचा फुटबॉल

* कर्णबधिरांचे सामने : या खेळाची पाळेमुळे निवासी शाळांत आहेत. तिथे मुलांना हातखुणांची भाषा मिळाली, सवंगडी मिळाले आणि संघही. ग्लासगोत १८७१ साली निघालेला क्लब कर्णबधिरांचा जगातला पहिला फुटबॉल क्लब मानला जातो. ऑगस्ट १९२४मध्ये पॅरिसला, स्वतः कर्णबधिर असलेल्या यूजीन रुबेन्स-अल्केस यांच्या पुढाकाराने पहिली आंतरराष्ट्रीय मूक क्रीडास्पर्धा भरली. तिच्यात फुटबॉल होता. आजची डेफलिंपिक्स ती हीच.

शाळांची ही वाट आपल्याकडेही होती : मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८०च्या दशकातच सुरू झाली होती.

उद्या सोलापूरच्या पार्क मैदानावर कर्णबधिरांचा सामना रंगला, तर पंच शिट्टीबरोबर निशाणही हलवतील. खेळाडू श्रवणयंत्रे काढूनच उतरतील, म्हणजे थोडेफार ऐकू येणाऱ्याला जास्तीचा फायदा मिळणार नाही.