परातीवरचा तवंग

आजचा भाग सुचला तो एका फोनमुळे. गेल्या थंडीत रात्री साडेदहाला धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, बाळाचं नाक चोंदलंय. रुमालावर निलगिरीचे दोन-चार थेंब टाकून उशाशी ठेवू का? आपल्याला आजी ठेवायचीच की."

बाळ आठ महिन्यांचं. मी म्हटलं, "आधी बाटलीचं झाकण लाव." ती जरा चिडलीच. "अगं, झाडपाल्याचंच तर तेल आहे!"

हे वाक्य हल्ली सारखं कानावर येतं. घरोघरी डिफ्यूझर आलेत, लव्हेंडर, टी ट्री, लेमनग्रासच्या चिमुकल्या बाटल्या आल्यात. पण झाडाचं पान आणि त्या पानाचं तेल यांत फरक किती? याचं उत्तर मला इतिहासात सापडलं, तेही एका परातीत.

काळ 17व्या शतकाच्या सुरुवातीचा. जहांगीर बादशहाच्या आठवणींमध्ये गुलाबाच्या अत्तराची एक नोंद आहे. नूरजहाँची आई अस्मत बेगम गुलाबपाणी काढत होती. गरम गुलाबपाणी सुरयांमधून पसरट भांड्यांत ओतलं, तेव्हा वर थोडासा तवंग धरला. तिने तो थोडा थोडा करून गोळा केला. बादशहाच्या म्हणण्याप्रमाणे, त्याचा एक थेंब तळहातावर चोळला तरी अख्खी मैफल दरवळून जाई. खूश होऊन त्याने तिला मोत्यांची माळ दिली, आणि त्या अत्तराला नाव मिळालं 'इत्र-इ-जहांगिरी'. आता, गुलाबाचं तेल जगात पहिल्यांदा तिथेच निघालं असं मी म्हणणार नाही. पण त्या परातीत आपल्या कामाच्या दोन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट : तवंग किती कमी होता! 1 किलो गुलाबतेलासाठी साधारण 3 ते 4 हजार किलो फुलं लागतात. म्हणजे एका थेंबामागे शंभर-दीडशे ग्रॅम फुलं. निलगिरीच्या पानांत तेल पुष्कळ जास्त असतं, पण तत्त्व तेच. आपण बाटलीतून पान नाही ओतत, पानांचा ढीग ओततो.

दुसरी गोष्ट : तेल पाण्यावर तरंगत होतं. हे तेल पाण्यात मिसळत नाही. त्यामुळे आंघोळीच्या बादलीत थेंब टाकून 'पातळ केलं' असं समजू नका. तो थेंब तसाच तरंगतो आणि जसाच्या तसा अंगाला चिकटतो.

आता आपल्याकडे येऊ या. 19व्या शतकात खानदेशच्या जंगलपट्ट्यात रोशा गवताच्या भट्ट्या लागत. ते तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्राच्या वाटेने उस्मानी साम्राज्यात जायचं, आणि तिथे महागड्या गुलाबतेलात भेसळीसाठी वापरलं जायचं. युरोपातल्या बाजारात त्याला 'तुर्की जिरेनियम' म्हणत. गवत खानदेशचं, नाव तुर्कांचं! म्हणून बाटलीवरच्या मोठ्या अक्षरांवर जाऊ नका. वनस्पतीचं शास्त्रीय नाव आहे का बघा. 'फ्रॅग्रन्स ऑइल' लिहिलं असेल तर तो बहुतेक वेळा कृत्रिम सुगंध असतो. तो अंगाला लावायचा नाही.

मग आजीची निलगिरी कुठली? हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. तिथे व्हिक्टोरियात जोसेफ बोसिस्टो या औषधविक्रेत्याने 1850च्या दशकात त्याच्या तेलाचा धंदा सुरू केला. आपल्या निलगिरी डोंगरांत ही झाडं 1843च्या सुमारास लावली गेली, ती मुख्यतः जळणासाठी. पुढे तिथेही तेल निघू लागलं आणि डोंगराचं नावच तेलाला चिकटलं. सर्दीवर हुंगायचं म्हणून ते घराघरांत पोचलं. पण पोटात गेलं तर हेच तेल विष ठरतं. लहान मुलाला चमचाभर तेलानेही आकडी येऊ शकते, शुद्ध हरपू शकते.

कापराची गोष्ट तर याहून बोलकी आहे. अमेरिकेत कापूर विरघळवलेलं तेल औषधाच्या दुकानात सहज मिळायचं. बाटली एरंडेलासारखी, नावही जवळपास सारखं. एरंडेल समजून ते मुलांना पाजलं जायचं, आणि त्यात मुलं दगावलीसुद्धा. शेवटी 1980च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने हे तेल बाजारातून काढलं आणि चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या औषधांत कापराचं प्रमाण 11 टक्क्यांपर्यंत मर्यादित केलं. आयांची चूक नव्हती हो. दोन बाटल्या एका फळीवर होत्या, एवढंच.

'अरोमाथेरपी' हा शब्द ज्याच्यामुळे रूढ झाला, तो फ्रेंच रसायनतज्ज्ञ गाटफोसे. 1910 मध्ये प्रयोगशाळेतल्या स्फोटात तो भाजला. त्याने भाजलेला हात लव्हेंडरच्या पिंपात बुडवला आणि हात बरा झाला, अशी कथा सगळीकडे फिरते. 1937च्या पुस्तकात त्याने स्वतः लिहिलंय ते वेगळं आहे. आधी त्याने हिरवळीवर लोळून आग विझवली. पुढे जखमा चिघळल्या, तेव्हा लव्हेंडरच्या तेलाने त्या धुतल्या. हा एका माणसाचा अनुभव झाला. त्यावरून भाजल्यावर तेल ओतायचं नाही. गार, वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरायचं आणि डॉक्टर गाठायचा.

मग नव्याने सुरुवात करणाऱ्याने काय करायचं? अंगाला लावायचं तर खोबरेल किंवा तिळाच्या 30 मिलीलीटर तेलात 6 थेंब, म्हणजे साधारण 1 टक्का. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून 24 तास थांबा. लिंबू-बर्गमॉटसारखी तेलं लावून उन्हात जाऊ नका, कातडीवर डाग पडतात. डिफ्यूझर अर्धा तास पुरे, खिडकी किलकिली ठेवून. घरात मांजर, दमेकरी किंवा गरोदर बाई असेल तर आधी विचारून घ्या. तेल पोटात घ्यायचं नाही. बाटली देवघरातल्या दिव्यापासून लांब, कडीकुलपात. आणि चुकून कुणी प्यायलंच, तर उलटी करवू नका. बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा.

तान्ह्या बाळाच्या नाकाशी तर निलगिरी, कापूर, मेंथॉल यांपैकी काहीही नको. श्वास अडखळू शकतो. बहिणीला मी डॉक्टरांना फोन करायला सांगितलं. त्यांनी नाकात सलाइनचे थेंब घालायला सांगितले आणि कुठली लक्षणं दिसली तर लगेच घेऊन यायचं तेही सांगितलं. बाळ रात्री झोपलं.

सकाळी बहिणीचा मेसेज आला : "पण मग आजीचं काय चुकलं?"

काही नाही गं. आजी रुमाल ठेवायची तेव्हा आपण शाळेत जात होतो. आणि बाटली तिच्या ट्रंकेत असायची, किल्ली कमरेला. तिचा रुमाल आपल्या लक्षात राहिला, ती किल्ली तेवढी आपण विसरलो.

भेटू या पुढच्या भागात. तोवर झाकणं घट्ट लावा!