एकदा टोचलं की मिटलं?

या विकांताला खरं तर वेगळ्याच विषयावर लिहायचं होतं. पण गेले दोन आठवडे आमच्या घरात एकच विषय चालू आहे: बाबांच्या कंबरेतलं इंजेक्शन. मणक्यांमधली गादी सरकून नस दबली आहे, डाव्या पायात कळ उतरते. रोज स्कूटरवर सिडकोतून गुलमंडीला जाणारे आमचे बाबा सध्या खिडकीपाशी उभ्यानेच पेपर वाचतात, कारण बसलं की कळ वाढते. डॉक्टरांनी एपिड्युरल स्टिरॉइड सुचवलं. घरी येताना बाबांनी विचारलं, "एकदा टोचलं की मिटलं ना रे?" मी म्हणालो, "हो, बहुतेक." प्रोग्रामरचं 'बहुतेक' म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहेच :-) म्हणून शनिवारी बसून या सुईचा इतिहास वाचून काढला.

सुरुवात क्लोरोफॉर्मपासून करावी लागते, आणि ती आपल्याच जुन्या राज्यात. एकोणिसाव्या शतकात आपलं शहर निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. क्लोरोफॉर्मने भूल दिल्यावर काही रुग्ण टेबलावरच दगावत. हृदय थांबतं म्हणून की श्वास थांबतो म्हणून, यावर जगभर वाद होता. हैदराबादचे सर्जन एडवर्ड लॉरी यांनी १८८८-८९ मध्ये निजामाच्या पैशाने दोन कमिशन भरवली, शेकडो जनावरांवर प्रयोग केले आणि निकाल दिला की हृदयाला धोका नाही, फक्त श्वासावर लक्ष ठेवा. १९११ साली लंडनच्या लेव्हीने दाखवून दिलं की हलक्या क्लोरोफॉर्मखाली हृदय अचानक बिघडू शकतं. म्हणजे इतके टेस्ट केस पास होऊनही बग आत होताच.

पूर्ण भुलेची ही जोखीम टाळायची म्हणून सर्जन दुसरी वाट शोधत होते. जर्मनीतल्या कील शहरात ऑगस्ट बिअर याने ऑगस्ट १८९८ मध्ये पाठीच्या कण्यात कोकेन टोचून रुग्णाच्या पायाचं ऑपरेशन केलं. मग त्याला वाटलं, हे स्वतःवरही करून बघावं. त्याचा सहायक हिल्डेब्रांट याने सुई तर बरोबर घातली, पण सिरिंज त्या सुईला बसेचना! (कनेक्टर जुळत नाही हा प्रकार तेव्हाही होता.) त्या गडबडीत बिअरच्या कण्यातलं बरंच पाणी वाहून गेलं. मग जागा बदलल्या. हिल्डेब्रांटला टोचलं आणि त्याच्या नडगीवर लोखंडी हातोडीने मारलं, पेटती सिगार टेकवली. त्याला काही कळलं नाही. नंतर दोघांनी वाइन घेतली, सिगार ओढल्या. दुसऱ्या दिवसापासून मात्र बिअर नऊ दिवस डोकेदुखीने आडवा. उठून बसला की डोकं फुटायचं.

आपल्या पाणचक्कीचं पाणी दूरच्या डोंगरातल्या झऱ्यापासून मातीच्या नळांतून दाबाने येतं. मध्येच नळाला भोक पडलं तर टोकाला काय होईल? मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या पिशवीतलंही पाणी असंच दाबात असतं. ती पिशवी भोसकली, पाणी गळलं, की डोकं दुखतं.

तीन वर्षांनी, १९०१ मध्ये, पॅरिसच्या सिकार्ड आणि कॅथलिन या दोघांनी वेगवेगळं काम करत एकच युक्ती काढली. माकडहाडाच्या वर एक नैसर्गिक फट असते, तिथून सुई घालायची आणि पिशवी न भोसकता तिच्या बाहेर औषध सोडायचं. 'एपिड्युरल' म्हणजे एवढंच, पिशवीच्या बाहेर. सिकार्डने ते सायटिकासाठी वापरलं. औषध कोकेनच. गंमत म्हणजे कळ का येते हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. सरकलेली गादी नस दाबते हे अमेरिकेच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ मध्ये दाखवलं. इलाज आधी, निदान तेहेतीस वर्षांनी!

आता स्टिरॉइड. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला, तो दिवस आपल्याला पाठ आहे. त्यानंतर चारच दिवसांनी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने जखडलेल्या एका तरुणीला कॉर्टिसोनचं पहिलं इंजेक्शन दिलं. काही दिवसांत ती चालत खरेदीला गेली. १९५० मध्ये नोबेल. मग तोंड सुजणं, हाडं ठिसूळ होणं हे सगळं बाहेर आलं आणि नवलाई ओसरली. म्हणून विचार पुढे आला की औषध अख्ख्या शरीराला कशाला, दुखतं तिथेच द्या. १९५२ मध्ये इटलीत रोबेक्की आणि काप्रा यांनी नसेच्या मुळाशी हायड्रोकॉर्टिसोन दिलं.

म्हणजे बाबांना मिळणारं इंजेक्शन ही एक जोडणी आहे. सुईची वाट भुलेकडून आली आणि औषध संधिवाताकडून. एपिड्युरल वाटेने स्टिरॉइड द्यायला अमेरिकेच्या एफडीएने आजवर मंजुरी दिलेली नाही. डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात आणि जगभर देतात. २०१२ साली तिथल्या एका औषध बनवणाऱ्या कंपनीच्या दूषित स्टिरॉइडमुळे साडेसातशेहून जास्त लोकांना बुरशीचा संसर्ग झाला, ६४ माणसं गेली. दोष सुईचा नव्हता, कुपीचा होता. पण ही कुपी कुठे पोचते ते त्यातून कळलं. एप्रिल २०१४ मध्ये एफडीएने इशारा दिला की क्वचित पक्षाघात, दृष्टी जाणं असे प्रकारही होऊ शकतात. मानेतल्या इंजेक्शनला जास्त जपतात ते यामुळेच. तिथल्या धमन्या थेट मेंदूकडे जातात.

मग उपयोग किती? २०१४ मध्ये कण्याची वाट अरुंद झालेल्या ४०० रुग्णांवर अभ्यास झाला. अर्ध्यांना बधिर करणाऱ्या औषधासोबत स्टिरॉइड, अर्ध्यांना नुसतं बधिर करणारं. सहा आठवड्यांनी फरक जवळजवळ नाही. २०२५ मध्ये 'बीएमजे'तल्या तज्ज्ञ गटाने तीन महिन्यांपेक्षा जुन्या पाठदुखीसाठी ही इंजेक्शनं देऊ नका असं स्पष्ट सांगितलं. त्यावर वेदनातज्ज्ञ चांगलेच भडकले. त्याच वर्षी अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने सायटिकासारख्या दुखण्यात थोड्या काळासाठी माफक फायदा दिसतो असं म्हटलं. मला वाटतं भांडण्याआधी विचारावं, दुखणं कुठलं? नुसती कंबर धरते त्याला या सुईकडून फार आशा नको. पायात उतरणारी ताजी कळ असेल तर काही आठवडे उसंत मिळू शकते, आणि बऱ्याच जणांची सरकलेली गादी तेवढ्या महिन्यांत आपोआप आक्रसते.

प्रत्यक्षात काय होतं तेही विचारून आलो. पालथं झोपवतात, कातडी बधिर करतात, सी-आर्मच्या क्ष-किरणांखाली सुई पुढे नेतात. नुसत्या अंदाजाने घातलेली सुई बऱ्याचदा जागा चुकते, म्हणून थोडं रंगद्रव्य सोडून खात्री करतात. औषध जाताना पायात नेहमीचीच कळ क्षणभर उठू शकते. अर्ध्या-पाऊण तासात सगळं उरकतं, त्याच दिवशी घरी. पहिल्या काही तासांचं बरं वाटणं हे बधिर करणाऱ्या औषधाचं. ते उतरलं की दुखणं परत येतं आणि माणूस घाबरतो. स्टिरॉइडला दोन दिवसांपासून आठवडाभर लागतो. बाबांना शुगर आहे, ती काही दिवस चढणार. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगायची, आपल्या मनाने बंद करायची नाही. आणि नंतर ताप आला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली तर थेट दवाखाना.

रविवारी संध्याकाळी हे सगळं बाबांना सांगितलं. बिअरच्या हातोडीवर ते खूप हसले. मग म्हणाले, "म्हणजे मिटणार नाही. थांबेल."

"थांबलं तर. काही दिवस."

"गुलमंडीपर्यंत जाता येईल?"

"येईल बहुतेक." या वेळी 'बहुतेक' म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होतं.

गुरुवारची वेळ घेतली आहे. त्या दिवशी पाय बधिर राहू शकतो, गाडी चालवायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय. आईने स्कूटरची किल्ली आत्ताच डाळीच्या डब्यात टाकली आहे.