सहाशें साच्यांची अडचण

ग्रंथ लिहून झाला म्हणजे ग्रंथकाराचें काम सरलें, असें वाचकांस वाटतें. फादर थॉमस स्टीफन्स यांची खरी अडचण त्यानंतरच होती. हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले आणि साष्टींतील लोकांत राहून त्यांची भाषा इतकी शिकले कीं, ‘क्रिस्तपुराणा’च्या सुमारें अकरा हजार ओव्या त्यांनीं मराठींत रचिल्या. गोव्यांत छापखाना १५५६ पासून होता. नव्हते ते देशी अक्षरांचे खिळे.

१६०८ च्या डिसेंबरांत त्यांनीं रोमला संघप्रमुखांस पत्र लिहिलें. मलबारांत झालें तसे येथेंही देशी भाषेंत व देशी लिपींत ग्रंथ छापले जावे, ही त्यांची कित्येक वर्षांची इच्छा. पण युरोपांत चोवीस साचे पुरत, येथें सहाशें लागत; शिवाय वरिष्ठांची अनुज्ञा हवी ती निराळीच. जोडाक्षरांनीं गांजलेल्या मराठी मुद्रकांस हें दुःख सांगावयास नकोच!

अखेर १६१६ सालीं राचोल येथें पुराण छापलें गेलें तें रोमन अक्षरांत. १६४९ व १६५४ सालीं तें पुन्हां निघालें. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ सालीं तर देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी असें फर्मान निघालें. तरी ग्रंथ टिकला. छापखान्यानें सोडलेलें काम नकलून घेणाऱ्या भाविकांनीं चालविलें. तसल्या हस्तलिखितांवरूनच जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूरास नवी आवृत्ति सिद्ध केली. लिपि मात्र रोमनच. संपूर्ण पुराण देवनागरींत छापलें गेलें तें १९५६ सालीं पुण्यास, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखालीं.