दलाल कोणाचा?

घर विकणारा आणि घर घेणारा या दोघांच्या मध्यें उभा राहून जो सौदा जुळवितो, त्याला दलाल म्हणतात. हा दलाल कोणाचा माणूस, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. परंतु या एका प्रश्नापायीं अनेक कुटुंबांची आयुष्याची पुंजी पणास लागलेली आहे.

हिंदुस्थानच्या १८७२ च्या कराराच्या कायद्यांत या प्रश्नाचें उत्तर एका लहानशा दृष्टांतानें दिलें आहे. एका गृहस्थानें आपल्या मुखत्यारास अमुक एक घर विकत घेण्यास सांगितलें. मुखत्यारानें येऊन कळविलें कीं, तें घर मिळत नाहीं. आणि मागल्या दारानें तें स्वतःच घेऊन टाकलें. पुढें हें बिंग फुटलें, तर ज्या किंमतीस त्यानें घर घेतलें त्याच किंमतीस तें आपल्या धन्यास देणें त्याला भाग आहे. २१६ व्या कलमाखालचा हा दृष्टांत होय. कायदा रचणारांना दलालाच्या स्वभावाची ओळख चांगलीच असली पाहिजे! पण यांत एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. दलाल हा घेणाराचा माणूस आहे, हें येथें आधींच ठरलेलें आहे. तो तसा नसेल आणि घेणाराला मात्र तसा वाटत असेल, तर काय करावें? ही गांठ उकलण्याची खटपट विशेषेंकरून झाली ती अमेरिकेंत. कारण तेथें बहुतेक घरांची खरेदी-विक्री दलालाच्या मध्यस्थीनेंच होते.

अमेरिकेंतील दलालांनीं १९०८ सालीं शिकागो येथें आपली राष्ट्रीय संघटना स्थापन केली आणि १९१३ सालीं आपल्या धंद्यासाठीं नीतिनियम तयार केले. कॅलिफोर्निया संस्थानानें १९१९ च्या कायद्यानें दलालांना परवाना सक्तीचा केला. धंद्याला अशी प्रतिष्ठा आली खरी, पण त्याची घडण मोठी चमत्कारिक होती. घरमालक आपलें घर एका दलालाच्या हवालीं करी. तो दलाल तें घर गांवांतील सर्व दलालांच्या सामाईक यादींत नोंदवी. मग दुसरा कोणी दलाल गिऱ्हाईक घेऊन आला कीं दलाली दोघांत वांटली जाई, आणि ती निघे विकणाराच्या पैशांतून. यामुळें हा दुसरा दलालसुद्धां कायद्याच्या दृष्टीनें विकणाराचाच दुय्यम मुखत्यार ठरे.

आतां गिऱ्हाइकाच्या बाजूनें पाहा. हा दुसरा दलाल त्याला आठवड्यामागून आठवडे आपल्या मोटारींतून हिंडवी. मुलांची शाळा कोठें, बायकोला स्वयंपाकघर केवढें पाहिजे, याची आस्थेनें चौकशी करी. अशा माणसाजवळ कोणाचें मन मोकळें होणार नाहीं? "आम्ही नव्वद हजार म्हणतों आहों, पण वेळ पडल्यास लाखापर्यंत जाऊं," असें एखादा नवरा बोलून जाई. आणि ही गोष्ट विकणाराच्या कानावर घालणें हें त्या दलालाचें कायद्यानें कर्तव्यच असे! १९८३ सालीं तेथील मध्यवर्ती सरकारच्या व्यापार आयोगानें या धंद्याची पाहणी प्रसिद्ध केली. अशा दुसऱ्या दलालाकडून घर घेणारांपैकीं शेंकडा ७० हून अधिक लोक त्याला आपलाच माणूस समजत होते, असें तींत आढळून आलें. यानंतर, 'मी कोणाचा मुखत्यार आहें,' हें दलालानें आधींच लेखी सांगितलें पाहिजे, असे नियम एकामागून एक संस्थानें करूं लागलीं.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियांतील एका खटल्यानें या वादाची दुसरी बाजू उघडी केली. डियाब्लो नांवाच्या गांवीं (स्पॅनिश भाषेंत या शब्दाचा अर्थ सैतान असा आहे) १९७६ च्या मे महिन्यांत एका बाईंनीं १,७०,००० डॉलरांस एक घर घेतलें. सभोंवार एकरभर जमीन, पोहण्याचा हौद, पाहुण्यांसाठीं निराळी बंगली, असा सारा थाट होता. खरेदी होऊन फार दिवस लोटले नाहींत तोंच जमीन सरकूं लागली. पाया खचला, भिंतींना तडे गेले, दारांच्या चौकटी वांकड्या झाल्या. घराचा कांहीं भाग मातीच्या भरावावर होता व तो भराव नीट दाबलेला नव्हता, असें तज्ज्ञांनीं सांगितलें. खचलेल्या मालमत्तेची किंमत अवघी २०,००० डॉलर धरण्यापर्यंत मजल गेली. आणि दुरुस्तीचा अंदाज तर २,१३,००० पर्यंत, म्हणजे मूळ खरेदीहूनही अधिक! विकणारांच्या कारकीर्दींत १९७३ त एकदां थोडी व १९७५ त एकदां बरीच माती घसरलेली होती. त्यांनीं तें ना दलालांना सांगितलें, ना बाईंना.

विकणारे व बांधणारे दोषी, हें उघडच होतें. वाद पेटला तो दलालांविषयीं. घर भरावावर आहे याची त्यांना कल्पना होती. घसरलेल्या उतारावर बसविलेली जाळी एकाच्या दृष्टीस पडली होती, आणि बंगलीची जमीन समपातळींत नाहीं हेंही त्यांनीं पाहिलें होतें. तरीही मातीची परीक्षा करा, असें त्यांनीं सुचविलें नाहीं. ठाऊक असलेला दोष दलालानें लपवूं नये, हा नियम तेथील न्यायालयांनीं पूर्वींच घालून दिलेला होता. पण जें आपणांस ठाऊकच नव्हतें त्याचा जाब कसा देणार, असा दलालांच्या पेढीचा बचाव होता. १९८४ च्या निकालांत वरिष्ठ न्यायालयानें तो फेटाळला. विकणाराच्या दलालानेंही घर डोळसपणें तपासून, जे दोष दिसण्यासारखे असतील ते घेणारास सांगितले पाहिजेत; नाहीं तर अडाणीपणालाच बक्षीस दिल्यासारखें होईल, असा त्याचा आशय होता. ज्यूरीनें पेढीच्या वांट्याला दोष दिला तो शेंकडा ५; पण तेवढ्यानें साऱ्या धंद्याची झोंप उडाली. पुढल्याच वर्षीं विधिमंडळानें हें कर्तव्य कायद्यांत घातलें. मात्र डोळ्यांना दिसेल आणि सहज जातां येईल तेवढ्याच भागापुरतें तें मर्यादित केलें. दलालानें कुदळ घेऊन पाया उकरावा, असा आग्रह धरणें न्यायाचें झालें नसतें.

दलालीच्या वांटणीचा वाद मात्र तसाच राहिला. घेणाराच्या दलालाचे पैसे विकणारानें कां भरावे, या मुद्द्यावर कॅन्सस सिटी येथील ज्यूरीनें ३१ ऑक्टोबर २०२३ रोजीं घरें विकणारांच्या बाजूनें सुमारें १७८ कोटि डॉलरांचा कौल दिला. राष्ट्रीय संघटनेनें २०२४ त ४१ कोटि ८० लक्ष डॉलर देण्याचें मान्य करून तडजोड केली. त्या वर्षीच्या १७ ऑगस्टपासून तेथें घर दाखविण्यापूर्वींच घेणारा व त्याचा दलाल यांच्यांत लेखी करार व्हावा लागतो, व दलाली किती तें त्यांत लिहावें लागतें.

आपल्याकडे एकच दलाल उभय पक्षांकडून दलाली घेतो, हें मुंबईपुण्याच्या कुटुंबांना सांगावयास नको. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानें दलालास नोंदणी सक्तीची केली, खोटीं विधानें करण्यास बंदी घातली, आणि नोंदणीवांचून धंदा केल्यास दिवसाला १०,००० रुपये दंड सांगितला. महाराष्ट्रांत तर २०२३ च्या आदेशान्वयें दलालांना परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवावें लागतें. पाटीपेन्सिलीचा छळ शेवटीं त्यांच्याही नशिबीं आला! परंतु ही सारी व्यवस्था नोंदलेल्या गृहप्रकल्पांपुरती आहे. दादरच्या एखाद्या जुन्या इमारतींतलें बिऱ्हाड एका कुटुंबाकडून दुसऱ्याकडे विकलें जातें, तेव्हां मधला दलाल त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो. तेथें घेणाराच्या हातीं उरतो तो १८७२ चाच कायदा. आणि त्याचा आधार घ्यावयाचा, तर हा दलाल आपला मुखत्यार होता हें त्यानेंच आधीं शाबीत करावें लागतें.