डिझाइन स्प्रिंट : प्रोग्राम लिहिण्यापूर्वीचे पाच दिवस

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांचे सॉफ्टवेअर प्रकल्प पुष्कळदा तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असतात. मात्र ते नेमके कोणासाठी केले, याचे उत्तर गटापाशी नसते. संपूर्ण सत्र खर्ची पडल्यावर, परीक्षकांसमोर, ही उणीव उघडी पडते. ती पहिल्याच आठवड्यात ध्यानात यावी, यासाठी उपयुक्त ठरणारी कार्यपद्धती म्हणजे डिझाइन स्प्रिंट होय.

गुगलमध्ये असताना जेक नॅप यांनी २०१० मध्ये ही पद्धत आखली. जॉन झेराट्स्की व ब्रॅडन कोविट्झ यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या 'स्प्रिंट' या २०१६ मधील पुस्तकामुळे ती सर्वदूर पोहोचली. सॉफ्टवेअर उद्योगातील 'स्क्रम' पद्धतीतील स्प्रिंट वेगळी. तिच्या अखेरीस चालते सॉफ्टवेअर अपेक्षित असते. डिझाइन स्प्रिंटच्या अखेरीस हाती येते ते केवळ उत्तर : ही कल्पना पुढे न्यावी की सोडावी?

पाच दिवसांची विभागणी ठरलेली असते. सोमवारी प्रश्नाचा नकाशा, मंगळवारी प्रत्येकाने स्वतंत्रपणे काढलेली रेखाटने, बुधवारी त्यांतून एकाची निवड, गुरुवारी नमुना आणि शुक्रवारी पाच वापरकर्त्यांकडून चाचणी.

रोडपालीचे उदाहरण घेता येईल. या परिसरालगत कळंबोलीचा पोलाद बाजार असून तेथे मालमोटारींची सतत ये-जा असते. समजा, एखाद्या गटाने चालकांना माल उतरविण्याची वेळ कळविणारे अ‍ॅप करण्याचे ठरविले. नेहमीच्या रीतीने काम माहितीसाठ्याच्या रचनेपासून सुरू होईल. स्प्रिंटमध्ये मात्र गुरुवारी केवळ कागदावरचे पडदे तयार होतील व शुक्रवारी ते पाच चालकांच्या हाती दिले जातील. चालक मजकूर वाचण्याऐवजी थेट दूरध्वनीच करणे पसंत करतात, असे दिसले, तर वाया जातो तो एक आठवडा, सत्र नव्हे. पाचच जण पुरेत का, ही शंका स्वाभाविक आहे. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००० मध्ये दाखवून दिले होते, की एवढ्या चाचण्यांतही बहुतेक ठळक दोष उघडकीस येतात.

मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात संगणक अभियांत्रिकीसाठी दुसऱ्या वर्षापासून लघुप्रकल्पांचा समावेश झाला, तर पुणे विद्यापीठाने त्याच वर्षीच्या आराखड्यात प्रथम वर्षालाच प्रकल्पाधारित अध्ययन हा विषय ठेवला. अडचण वेळापत्रकाची आहे. सलग पाच दिवस मिळणे कठीण. आठवड्याच्या एकेका तासिकेत हेच टप्पे विभागले, तर गती हरवते. सत्रारंभीचा आठवडा त्यासाठी राखून ठेवणे हा त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. प्रोग्रामची शिस्त, सुरक्षितता, देखभाल यांतले काहीच ती शिकवीत नाही. त्यामुळे गुणदान करताना केवळ आकर्षक नमुन्यास महत्त्व देणे घातक ठरेल. शुक्रवारी काय चुकले आणि त्यानंतर गटाने काय बदलले, याची लेखी नोंदच मूल्यमापनाचा खरा आधार ठरावी.