बंदुकीनें पाडलेलें फुलपांखरूं

फुलपांखरूं म्हटलें कीं हातांत जाळें घेऊन धांवणारीं मुलें डोळ्यांपुढें येतात. परंतु जगांतील सर्वांत मोठें फुलपांखरूं शास्त्रज्ञांच्या हातीं प्रथम आलें तें बंदुकीच्या छऱ्यांमुळें! १९०६ सालीं न्यू गिनी बेटावर आल्बर्ट मीक या संग्राहकानें उंच वृक्षांवरून विहरणारी एक मादी अशा रीतीनें खालीं पाडली. मीक ज्यांच्यासाठीं नमुने गोळा करी, त्या वॉल्टर रॉथ्सचाइल्ड यांनीं १९०७ सालीं तिला सातव्या एडवर्डची राणी अलेक्झांड्रा हिचें नांव दिलें.

तपकिरी पंखांच्या या मादीचा विस्तार २५ सेंटिमीटरांहूनहि अधिक भरतो. नर आकारानें लहान, पण निळ्याहिरव्या झळाळीचा. असा हा राजवैभवाचा जीव. पण त्याचें सारें आयुष्य एका वेलीवर अवलंबून आहे. आपल्या सह्याद्रींतील ईश्वरीच्या कुळांतली ही वेल. सुरवंट तिचींच पानें खातो. त्या पानांतील विष अंगांत मुरल्यामुळें तो पक्ष्यांना रुचत नाहीं. जेथें ही वेल नाहीं, तेथें हें फुलपांखरूं नाहीं.

पोपोंडेट्टाचें मैदान व त्याच्या आसपासची डोंगराळ भूमि, एवढेंच त्याचें राज्य. त्यावर पहिला मोठा घाला निसर्गानें घातला. २१ जानेवारी १९५१ रोजीं लॅमिंग्टन ज्वालामुखीचा स्फोट झाला. सुमारें ३,००० माणसें प्राणांस मुकलीं आणि विस्तीर्ण अरण्य भस्म झालें. अरण्य राखेंतून पुन्हां उगवूं शकतें. परंतु दुसरा घाला मनुष्याचा होता. १९७० नंतरच्या दशकांत त्याच सुपीक मैदानावर तेलमाडांच्या लागवडी पसरल्या, आणि वेलीला आधार देणारे वृक्षच नाहींसे झाले.

१९६६ सालींच कायद्यानें हें फुलपांखरूं पकडण्यास बंदी झाली होती. पण कायदा शिकाऱ्याचा हात धरूं शकतो. कुऱ्हाड धरणाऱ्याला तो कसा अडवणार? शिवाय तेथील बहुतेक जमीन परंपरेनें गांवोगांवच्या कुळांच्या मालकीची. त्यांच्या संमतीवांचून अरण्य राखणें अशक्यच. म्हणूनच २०१७ सालीं जवळच्या मानागालास पठारावरील सुमारें ३,६०,००० हेक्टर प्रदेश तेथील रहिवाशांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर संरक्षित म्हणून जाहीर झाला, या घटनेचें मोल मोठें आहे. राणीचें नांव मिळाल्यानें हा जीव प्रसिद्ध झाला खरा. पण त्याला तारावयाचें असेल, तर आधीं ती वेल जगली पाहिजे.