लष्करी हुकूम आणि रामल्लाचे वकील

जून १९६७ मध्ये पश्चिम किनारा इस्रायलच्या ताब्यात गेला आणि तिथला कायदा लष्करी हुकमांनी बदलू लागला. जमीन, पाणी, न्यायालये, सगळ्यांवर हुकूम निघाले. ज्यांना ते लागू होते त्यांच्या वकिलांनाही ते सहजासहजी मिळत नसत. न वाचलेला कायदा पाळायचा तरी कसा?

१९७९ साली राजा शहादे, जोनाथन कुत्ताब आणि चार्ल्स शमास यांनी रामल्लात एक संस्था काढली. पुढे ती 'अल-हक' म्हणून ओळखली गेली. हुकूम मिळवायचे, वाचायचे, जिनिव्हा कराराशी ताडून पाहायचे, हे तिचे काम. काम कारकुनी, पण त्यातच खरी धार होती. जिनिव्हातील इंटरनॅशनल कमिशन ऑफ ज्युरिस्ट्सने हात दिला आणि १९८० मध्ये शहादे यांचे 'द वेस्ट बँक अँड द रूल ऑफ लॉ' प्रसिद्ध झाले.

इस्रायली वकील फेलिसिया लँगरही लष्करी न्यायालयांत पॅलेस्टिनींची बाजू लढवत होत्या. इथे न्याय मिळणे नाही, असे सांगून त्यांनी १९९० मध्ये कार्यालय बंद केले.

२००४ साली विभाजक भिंतीचा प्रश्न हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात आला. पॅलेस्टाइनच्या बाजूने ऑस्ट्रेलियाचे जेम्स क्रॉफर्ड, इजिप्तचे जॉर्ज अबी-साब, ब्रिटनचे वॉन लो उभे राहिले. ९ जुलैला १४ विरुद्ध १ मतांनी व्याप्त प्रदेशातली भिंत बेकायदा ठरली. मत सल्लागारी होते. भिंत उभीच राहिली. ऑक्टोबर २०२१ मध्ये इस्रायलने 'अल-हक'लाच दहशतवादी संघटना ठरवले.